पातं टेकलं की सांग

रंधा मशीन घरातून बाहेर काढायचं, हा हट्ट फागीचाच होता. सात वर्षं ते पडवीत, चुलीच्या खोलीच्या कुडाला लागून उभं होतं. लाडक्यानं ते सुरू केलं की आधी फळीवरची भांडी थरथरायची, मग कोंबड्या अंगण सोडून पळायच्या आणि शेवटी सागाचा भुसा हवेतून तरंगत येऊन नागलीच्या पिठात बसायचा. भाकर खाताना दाताखाली काही कचकन लागलं की लाडक्या म्हणायचा, "साग हाय, पोटाला चांगला." फागी पहिली काही वर्षं हसली. मग हसायची थांबली, आणि मागच्या पावसाळ्यापासून तिनं एकच धोशा लावला होता. मशीनला वेगळी शेड बांध, नाय तर मी माझी चूल उचलून गोठ्यात नेते.

पाडा सूर्यमाळच्या उतारावर, जेमतेम चौदा घरांचा. लाडक्या तरुणपणी वसईला फर्निचरच्या कारखान्यात गेला आणि वीस वर्षं तिथंच राहिला. भात लावायला आणि कापायला तेवढा घरी यायचा. शेत, गुरं आणि मुलगी मीना, तिन्ही फागीनं सांभाळली. कारखाना बंद पडला तेव्हा मालकानं मशिनी काढून टाकल्या. त्यातलं हे जुनं रंधा मशीन टेम्पोत घालून लाडक्या कायमचा परत आला. तेव्हापासून आसपासच्या पाड्यांतली दारं, खिडक्या, पाळणे, शाळेची बाकं, सगळं त्याच्या हातचं.

मशीन म्हणजे कमरेएवढ्या उंचीचं, पुरुषभर लांब लोखंडी टेबल. मधोमध आडवी फट, फटीत फिरणारा रूळ, रुळावर बसवलेली तीन पाती. फटीच्या अलीकडचं ते पुढचं टेबल, पलीकडचं ते मागचं. फळी पुढच्या टेबलावरून ढकलायची, पात्यांवरून गेली की मागच्या टेबलावर ती गुळगुळीत होऊन उतरते. सात वर्षांत इतकं फागीलाही ठाऊक झालं होतं.

होळी झाली आणि शेड उभी राहिली. खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रे, तीन बाजूंनी कारवीचा कूड. मशीन हलवायला जावई संदीप आपली जीप घेऊन आला आणि पाड्यातले तिघं जण आले. त्यातला पुंजा सगळ्यांत आडदांड. त्यानं विचारलं, "काका, टेबलाला धरून उचललं तर चालंल?"

लाडक्या पाठमोरा मोटरीचा पट्टा गुंडाळत होता. त्यानं मान हलवली. "हां, हां."

चौघांनी दोन्ही टेबलांना हात घातले, अंगण ओलांडलं आणि मशीन शेडमध्ये ठेवलं. ते खाली टेकताना लाडक्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"टेबलाला धरायला कुणी सांगितलं? मशीन अंगाला धरून उचलायचं असतं. टेबलं हलतात त्यानं."

"तुम्हीच हां म्हणालात की," पुंजा म्हणाला.

लाडक्या त्याच्याकडे बघत राहिला. मग फडका घेऊन टेबल पुसायला लागला.

काम तसं निकडीचं होतं. मीनानं आणि संदीपनं खोडाळ्याला घर बांधलं होतं आणि अखातीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, घरभरणी ठरली होती. दर्शनी दार बापानं करायचं, दोन झडपांचं, हे मीना शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं. बांधावरचा साग त्यासाठी रीतसर परवानगी काढून पाडला होता. फळ्या वर्षभर सावलीत वाळल्या होत्या. आता त्या रंधून, कडेला कड जुळवून, झडपा करायच्या एवढंच उरलं होतं.

पण फळ्या जुळेनात.

पहिली फळी मशीनमधून आली ती शेवटच्या वीतभरात खड्डा घेऊन. दुसरीही तशीच. दोन फळ्या कडेला लावून धरल्या तर मधे इतकी फट, की त्यातून पलीकडचा आंबा दिसावा. लाडक्यानं त्या बाजूला ठेवल्या आणि फुकट गेल्या तर जाऊ देत अशा आंब्याच्या फळ्या घेऊन बसला. रोज सकाळी फागी टँकरच्या रस्त्यावर हंडे घेऊन उतरायची. चढावर परत येताना तिला खालूनच मशीनचा आवाज कळायचा. सुरू व्हायचं, थोडं चालायचं, थांबायचं. परत सुरू, परत बंद. काम धड चाललं असलं की मशीन असं थांबत नाही. डोक्यावर हंडे आणि मनात तो आवाज, अशी ती घरी पोचायची.

तिसऱ्या दिवशी ती शेडच्या तोंडाशी जाऊन म्हणाली, "माझ्यामुळं झालं ना हे? परत पडवीत नेऊ या का?"

लाडक्या तिच्याकडे पाठ करून नट आवळत होता. त्यानं उत्तर दिलं नाही. फागी थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरली.

हे नवीन नव्हतं. गेली दोन वर्षं असंच चाललं होतं. पूर्वी ती टँकरवरची, रानातली, बाजारातली सगळी खबर त्याला सांगायची. कुणाची शेळी व्याली, मोखाड्याच्या बाजारात टोमॅटो काय भाव, कुणाची सून रुसून जव्हारला माहेरी गेली. लाडक्या ऐकायचा, मधेच एखादा शब्द टाकायचा, आणि त्या एका शब्दानं तिला दिवसभर हसू यायचं. मग हळूहळू तो उत्तर देईनासा झाला. दिलं तर भलतंच द्यायचा. तिनं सुनेचं सांगितलं तर हा म्हणायचा, "हो, पाऊस लवकर येईल." दोन-चारदा तिला वाटलं थट्टा करतोय. नंतर वाटलं, कंटाळलाय. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं बोलणं कुणाला गोड लागतं? तिनं सांगणं सोडून दिलं. हल्ली ती भाकर थापताना चुलीशी बोलायची.

लाडक्या मात्र हातपाय गाळून बसणारा नव्हता. त्यानं सगळं मुळापासून धरलं. गवंड्यानं कोबा करताना पाणी बाहेर जावं म्हणून उतार ठेवला होता. लाडक्यानं टेबलावर पाणसळ ठेवली. नळीतला बुडबुडा एका बाजूला पळाला. मग एकेका पायाखाली लोखंडी पट्टीचे तुकडे सारत, परत पाणसळ बघत, त्यानं अर्ध्या दिवसात बुडबुडा मधोमध आणला. उभ्यानं, आडव्यानं, कोपऱ्याकोपऱ्यानं, कुठंही ठेवा, बुडबुडा जागचा हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही टेबलांवर मिळून ॲल्युमिनियमची लांब सरळ पट्टी ठेवली आणि गुडघ्यावर बसून तिच्याखालून उजेड बघितला. मागच्या टेबलाच्या टोकाला उजेडाची बारीक रेघ दिसत होती. उचलताना तेच टोक खाली बसलं होतं. टेबल ज्या खाचेत वरखाली सरकतं तिथले बोल्ट त्यानं सैल केले, कोल्ड्रिंकचा रिकामा डबा कातरून त्याची पातळ पट्टी खाचेत सारली आणि बोल्ट आवळले. उजेडाची रेघ गेली. डोळे त्याचे अजून चांगले होते.

आता एकच उरलं होतं. मागचं टेबल पात्याच्या बरोब्बर उंचीला आणणं. केसभर खाली राहिलं तर फळीचं शेपूट पात्यात घसरतं आणि खड्डा पडतो. केसभर वर राहिलं तर फळी टेबलाच्या कडेवर अडते. आणि इथं गाडं रुतलं ते रुतलंच. तो टेबल चढवायचा, उतरवायचा, मशीन चालवायचा, आंब्याची फळी घालायचा. कधी खड्डा, कधी अडणं. अखातीला नऊ दिवस राहिले होते.

फागीनंच मग राघोला फोन लावला. राघो जव्हारचा, वसईच्या कारखान्यात लाडक्याच्या हाताखाली शिकलेला, आता वसईतच स्वतःचं दुकान चालवणारा. फोन लागला तसा तिनं तो लाडक्यापुढं धरला. लाडक्या म्हणाला, "तूच बोल. माझे हात तेलाचे हायत."

ती अंगणात गेली आणि सगळं सांगितलं.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका," राघो म्हणाला. "सरळ काम आहे. लाइट बंद करायची. मागच्या टेबलावर लाकडाची सरळ पट्टी ठेवायची, रुळाच्या वर थोडी पुढं काढून. मग रूळ हातानं हळू फिरवायचा. पातं वर आलं की पट्टीला नुसतं टेकलं पाहिजे. कानाला बारीक आवाज येतो, खस् असा. तिन्ही पाती, दोन्ही टोकांना, सारखी वाजली की टेबल बसलं."

"त्यांना माहीत नसंल का हे?"

"अहो, मला त्यांनीच शिकवलं ना. त्यांच्यासारखा कान अख्ख्या कारखान्यात कुणाचा नव्हता. आम्ही रूळ फिरवायचो आणि ते डोळे मिटून सांगायचे, दुसरं पातं वर आहे, कागदाएवढं उतरव. त्यांना दहा मिनिटं लागायची. म्हणून तर मला कळत नाही, अडलंय कुठं."

फागी फोन ठेवून शेडकडं आली. तिनं मशीनचा फ्यूज काढलेला आहे हे बघितलं. शेड एका बाजूनं मोकळी होती. लाडक्या टेबलावर ओणवा झाला होता. लाकडाची पट्टी मागच्या टेबलावर होती आणि त्यानं आपला कान जवळजवळ पट्टीला चिकटवला होता. एका हातानं तो पट्ट्याचं चाक हळूहळू फिरवत होता.

खस्.

फागीला तो आवाज तिथं, आठ-दहा पावलांवर, स्वच्छ आला. वाळक्या पानावरून सरडा जावा तसा.

"अजून टेकत नाय," लाडक्या स्वतःशी पुटपुटला आणि पाना घेऊन टेबल आणखी खाली उतरवलं.

खस्स. आता आवाज मोठा होता. पट्टी केसभर पुढं सरकली. लाडक्या कान लावून तसाच होता. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, ओठ दाबले होते, आणि लहान मूल दाराआडची कुजबुज ऐकायला धडपडतं तसा तो त्या लोखंडाशी वाकला होता.

फागीनं हातातला फोन कमरेला खोचला. ती दबकत त्याच्या मागं गेली. चार हातांवर उभी राहिली. लग्नात सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा एकदा घेतलं होतं, त्यानंतर चौतीस वर्षांत जे नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते ती नेहमीच्या आवाजात बोलली.

"लाडक्या."

तो हलला नाही.

"लाडक्या, इकडं बघ."

त्यानं चाक आणखी थोडं फिरवलं. दोन वर्षांतलं सगळं एकदम तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. पावसाची भलती उत्तरं. पुंजाला म्हटलेलं ते हां, हां. तेलाचे हात. परत पडवीत नेऊ या का म्हणून ती विचारून गेली, आणि त्याला ती आल्याचंच कळलं नव्हतं.

ती वळसा घालून त्याच्या समोर गेली. त्यानं मान वर केली.

"तू फिरव," ती तोंड नीट उघडून म्हणाली. "मला आवाज येतो. पातं टेकलं की मी सांगते."

लाडक्या तिच्याकडे बघत राहिला. तिला कळलंय हे त्याला कळलं. त्यानं पाना टेबलावर ठेवला, फडक्यानं हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट, आणि तिच्या बाजूनं शेडबाहेर निघून गेला.

फागी त्याच्या मागं धावली नाही. ती त्याला ओळखत होती, तेवढं पुरे होतं. तिनं चहा ठेवला, गुळाचा, आलं ठेचून. दोन पेले घेऊन ती खालच्या बांधावर गेली. पाडलेल्या सागाचा बुंधा होता तिथं तो बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली. त्यानं पेला घेतला.

"कधीपासून?" तिनं विचारलं. त्यानं कपाळाला आठी घातली, तशी तिनं तोंड त्याच्याकडे वळवून परत विचारलं.

"दोन दिवाळ्या झाल्या. डावा थोडा हाय. उजवा गेला." तो खाली भाताच्या सुन्या खाचरांकडे बघत म्हणाला. "आधी बारीक बारीक गेलं. पाखरं गेली. मग तू."

"मी कशी गेले?"

"तुझं तोंड हलताना दिसायचं. सांगत असायचीस काहीतरी, हसत असायचीस. मला नुसता गुणगुणाट. मी अंदाजानं बोलायचो. चुकायचं. मग बोलायचंच बंद केलं."

"तुला मला सांगता येत नव्हतं?"

लाडक्यानं पेला हातात फिरवला. "मी रागीट झालो असं तुला वाटत होतं. ते बरं होतं. रागीट माणूस घरात चालतो. बहिरा झाला म्हणजे म्हातारा झाला. आणि कानच नाय तर मशीन कसं चालवणार? तेवढं एकच तर येतं मला."

"मला वाटलं," फागी म्हणाली आणि थांबली. मग त्याच्या डाव्या बाजूला सरकून, त्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मला वाटलं, तुला मी नकोशी झाले."

लाडक्यानं चहाचा पेला खाली ठेवला. त्याचा चेहरा असा झाला, की फागीला आपण हे उगाच बोललो असं वाटलं.  तिच्या पदराला लागलेलं कुसळ त्यानं दोन बोटांनी काढलं, मग दुसरं काढलं, मग तिथं नसलेलं तिसरंही काढत बसला.

"चल," शेवटी ती म्हणाली. "पोरीचं दार हाय."

शेडमध्ये आल्यावर तिनं आधी फ्यूज मागितला आणि पदराच्या टोकाला बांधून कनवटीला खोचला. हातानं फिरवायच्या पात्याजवळ त्याची बोटं असताना कुणी येऊन लाइट लावली तर काय घ्या. लाडक्या हसला. "कारखान्यात राघो खिशात ठेवायचा."

आता दोघांनी कसं बोलायचं हा प्रश्न होता. त्याची नजर पात्यावर हवी, म्हणजे तिच्या तोंडाकडे बघता येणार नाही. फागीनं तो सोडवला. ती त्याच्या मागं उभी राहिली आणि तिनं हात त्याच्या पाठीवर ठेवून डाव्या कानात सांगितलं. "टेकलं की एक थाप. जोरात घासलं की दोन. काही नाय तर हात तसाच."

पट्टी टेबलाच्या अलीकडच्या टोकाला ठेवली. लाडक्यानं चाक फिरवलं. पहिलं पातं वर आलं. दोन थापा. त्यानं टेबल चढवलं, इतकंसं, पाना हलला न हलला. परत. दोन थापा. आणखी इतकंसं. या वेळी एक थाप. दुसऱ्या पात्याला एक थाप. तिसरं पातं आलं आणि गेलं. हात तसाच राहिला.

"हे मुकं हाय," फागी त्याच्या डाव्या कानात म्हणाली.

"मुकं म्हणजे खाली बसलंय." त्यानं त्या पात्याचे स्क्रू ढिले केले, पातं हलकेच वर उचललं, स्क्रू आवळले. परत फिरवलं. एक थाप.

मग पट्टी पलीकडच्या टोकाला. तिथं पहिलं पातं जास्त बोलत होतं, दुसरं ठीक, तिसरं कधी बोले कधी नाही. उन्हं कुडावर चढली, पत्रा तापला, दोघांच्या अंगावरून घाम निथळायला लागला. मधे एकदा खालच्या वाटेनं कुणाची तरी गुरं घंटा वाजवत गेली, तेवढा वेळ फागीनं त्याची पाठ धरून त्याला थांबवून ठेवलं. एकदा तिनं चुकून दोन थापा दिल्या आणि लगेच हात पाठीवरून फिरवला, पुसून टाकल्यासारखा. लाडक्याला बरोबर कळलं. सहा जागा, सहा वेळा, मग परत पहिल्यापासून सहा वेळा. दर वेळी एकच थाप.

"सगळी एका आवाजात बोलतात आता," ती म्हणाली.

लाडक्यानं बोल्ट आवळले. आवळताना टेबल हलतं, म्हणून आवळल्यावर परत तपासलं. तिनं कनवटीचा फ्यूज सोडून त्याच्या हातात दिला. त्यानं आंब्याची फळी घेतली, मशीन सुरू केलं आणि फळी ढकलली. फळीचं शेपूट पुढचं टेबल सोडून पात्यावर आलं, पात्यावरून मागच्या टेबलावर गेलं. एरवी त्या क्षणी मशीन एकदा ठेचकाळायचं. या वेळी ते सरळ एका सुरात गेलं. लाडक्याला तो सूर ऐकू आला की नाही कोण जाणे, पण हाताला कळलं. त्यानं फळी उलटी केली आणि तळव्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. मग फागीकडे दिली. तिनंही चाचपली. खड्डा नव्हता.

त्यानंतर सागाच्या फळ्या लागल्या. पुढच्या पाच दिवसांत झडपा तयार झाल्या. रंधलेल्या दोन फळ्या कडेला कड लावून त्यानं उन्हाकडे धरल्या तेव्हा मधून उजेडाचा दोरा म्हणून आला नाही. पहिल्या खड्डेवाल्या दोन फळ्याही त्यानं वाया घालवल्या नाहीत. खराब टोकं कापून त्यांच्या आडव्या पट्ट्या केल्या. फागी टँकरवरून आली की हंडे उतरवून आधी शेडमध्ये जायची. लांबून हाक मारायची नाही. त्याच्या समोर जाऊन उभी राहायची, तो बघेपर्यंत.

अखातीच्या आदल्या दिवशी संदीपच्या जीपच्या टपावर गोधड्यांत गुंडाळून दार खोडाळ्याला गेलं. चौकटीत बसवायला दुपार गेली. मीनानं दोन्ही झडपा लोटल्या, त्या मधोमध येऊन एकमेकींना टेकल्या. तिनं त्या उघडल्या, परत लोटल्या, परत उघडल्या. चार-पाच वेळा असं केल्यावर लाडक्या म्हणाला, "बिजागऱ्या झिजतील."

"आईनं बसवलंय ते मशीन," तो मग जावयाला म्हणाला. "मी नुसता फिरवत होतो."

मीनानं आईकडे बघितलं. फागीनं तिला मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. मीनाचे डोळे भरून आले. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि बाहेर येऊन बापाला सुनावलं, मोठ्यानं, समोर उभं राहून, म्हणजे त्याला पुरतं ऐकू आलं. पुढच्या सोमवारी ती स्वतः दोघांना घेऊन जव्हारला दवाखान्यात गेली.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं कानांत दिवा घालून बघितलं, मग बंद खोलीत बसवून तपासणी केली. मशीनच्या आवाजानं कान गेलेत, गेलेलं परत यायचं नाही, पण डाव्या कानाला यंत्र लावलं तर बोलणं बरंच कळेल, असं तिनं सांगितलं. यंत्रासाठी नाव नोंदवून घेतलं, महिना-दीड महिना लागेल म्हणाली. आणि मशीन चालवताना कानांवर जाड टोप्या लावायच्या, लाडक्यानंच नव्हे, शेडमध्ये जो कुणी असेल त्यानं.

"हीसुद्धा असते," लाडक्या म्हणाला.

"मग त्यांनीही," डॉक्टरीण म्हणाली. "नाहीतर दोन वर्षांनी त्यांनाही घेऊन यावं लागेल."

लाडक्यानं ते फार मनावर घेतलं. यंत्राचं काय ते होईल तेव्हा होईल, पण टोप्या आजच घ्यायच्या म्हणून त्यानं दोघींना जव्हारच्या बाजारात तीन दुकानं फिरवली. शेवटी एका हार्डवेअरच्या दुकानात मिळाल्या. डोक्यावरून कमान आणि दोन्ही कानांवर वाट्या. एक लाल, एक निळी. लाल त्यानं फागीला घातली, कमान तिच्या अंबाड्यावर बसेना म्हणून मागं-पुढं करून, नीट दाबून बसवली, आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. दुकानदार हसला. फागी लाजली, पण काढली नाही.

दोन दिवसांनी सकाळी शेजारची बाळी चाळण मागायला आली. शेडमध्ये मशीन धडधडत होतं. लाडक्या फळी ढकलत होता आणि फागी पलीकडच्या बाजूनं ती धरून घेत होती, दोघांच्या कानांवर वाट्या. बाळीनं कुंपणापाशी उभं राहून हाक मारली. मग आणखी मोठ्यानं मारली. मग ती शेडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात हलवायला लागली. पण त्याच वेळी फळी पात्यावरून पार झाली होती आणि ते दोघं तिच्यावरून तळवे फिरवण्यात गुंतले होते.

बाळी तशीच माघारी गेली आणि दुपारपर्यंत पाड्यातल्या चौदाही घरांना तिनं सांगून टाकलं, की लाडक्याच्या जोडीला आता फागीसुद्धा ठार बहिरी झालीय.